संघाची वही: वास्तवदर्शी प्लेबुकच्या अभ्यासाची प्रस्तावना

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीआधी खेळ थांबतो. हा थांबा नसता, तर प्लेबुक नावाची वस्तू जन्मालाच आली नसती. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला डाउन म्हणतात. एक चाल संपली की चाळीस सेकंदांचे घड्याळ सुरू होते. तेवढ्यात प्रशिक्षकाने पुढची चाल ठरवायची, ती क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराच्या, हेल्मेटमधल्या रेडिओवर सांगायची आणि क्वार्टरबॅकने ती दहा सहकाऱ्यांपर्यंत पोचवायची. घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. एवढ्या घाईत नवे काही रचता येत नाही. आधी लिहिलेले, पाठ केलेले आणि सरावात घोटलेले जे असेल त्यातूनच उचलावे लागते. तो लिहिलेला साठा म्हणजे प्लेबुक.

‘मॅडन एनएफएल’ ही व्हिडिओ गेमची मालिका हा साठा खेळणाऱ्याच्या हाती देते. गेममध्ये एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या बत्तीसही संघांची तयार प्लेबुके असतात. ती उघडून, त्यातली फॉर्मेशन (खेळाडूंच्या उभे राहण्याच्या रचना) आणि चाली काढून-घालून स्वतःचे प्लेबुक बांधण्याची सोयही असते. बहुतेक जण ही सोय जिंकण्यासाठी वापरतात: ज्या चालींपुढे गेममधला बचाव हमखास फसतो, त्या गोळा करायच्या आणि त्याच खेळत राहायच्या. या पुस्तकाचा विषय दुसरा आहे. एखादा खरा संघ एखाद्या खऱ्या हंगामात जसा खेळला, तसाच पडद्यावर खेळेल असे प्लेबुक कसे बांधावे, हा प्रश्न इथे घेतला आहे. वरवर तो छंदाचा प्रश्न आहे. त्यात शिरल्यावर इतिहास, आकडेवारी, चित्रफितींचे वाचन आणि निर्णयशास्त्र असे चार विषय एकाच टेबलावर येतात.

या टेबलाशी बसायला अमेरिकन फुटबॉल मुरलेला असण्याची अट नाही. महाराष्ट्रात हा खेळ मैदानावर क्वचितच भेटतो. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पहिल्या हंगामात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. सामने मात्र कोलंबोत झाले. सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना आपल्याकडे सुरू होतो तो सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात वाढलेल्या मराठी मुलांची गोष्ट वेगळी. इथल्या वाचकाची आणि या खेळाची गाठ बहुधा कन्सोलवरच पडते. त्यात कमीपणा काही नाही. डाउन म्हणजे काय, टाइट एंड कुठे उभा राहतो, ब्लिट्झ आला की चेंडू कुठे टाकावा, हे पडद्यावर उत्तम शिकता येते.

तसे शिकता यावे, हा या गेमच्या जन्मापासूनचा आग्रह आहे. जॉन मॅडन १९६९ ते १९७८ या काळात ओकलंड रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांच्या संघाने मिनेसोटा व्हायकिंग्जला हरवून सुपर बोल जिंकला. पुढे ते टीव्हीवरचे लाडके समालोचक झाले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स त्यांच्याकडे फुटबॉलच्या संगणकी खेळाची कल्पना घेऊन गेले, तेव्हा यंत्रांची ताकद तुटपुंजी होती. बाजूला सहा-सात खेळाडू ठेवून काम भागवावे, असा विचार पुढे आला. मॅडननी तो साफ फेटाळला: अकराविरुद्ध अकरा नसतील तर ते फुटबॉलच नव्हे, आणि त्यावर आपले नावही लागणार नाही. त्या हट्टामुळे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि ‘जॉन मॅडन फुटबॉल’ अखेर १९८८ मध्ये अ‍ॅपल-टूवर आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा हट्ट पायाभूत ठरला. सहा जणांच्या संघात खरी चाल मावतच नाही. अडवणारे पाच, धावणारे, झेलणारे आणि फेकणारा अशी अकरा जणांची कामे एकमेकांत अडकवली की मगच चाल उभी राहते.

कागदावरच्या प्लेबुकचा इतिहास याहून बराच जुना आहे. ८ डिसेंबर १९४० रोजी शिकागो बेअर्सनी अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ७३-० असे धुऊन काढले. टी फॉर्मेशन आणि चेंडू सुटण्याआधीच आडवा धावत जाणारा खेळाडू यांचा तो विजय होता, आणि त्यानंतर इतर संघांना आपापल्या वह्या नव्याने लिहाव्या लागल्या. क्लीव्हलंडच्या पॉल ब्राउन यांनी खेळाडूंना वर्गात बसवले, वह्या भरायला लावल्या, परीक्षा घेतल्या. सॅन डिएगोच्या डॉन कोरिएल यांच्या पद्धतीत रिसीव्हरच्या प्रत्येक धावमार्गाला आकडा होता, त्यामुळे दोन-तीन आकड्यांत अख्खी चाल सांगता येई. बिल वॉल्श यांनी सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आधीच क्रमाने लिहून ठेवण्याची शिस्त लावली. आज आपण गेमच्या मेनूत ज्या नावांवरून बोट फिरवतो, ती नावे अशा माणसांच्या खटपटीतून आली आहेत. म्हणून या पुस्तकाचा पहिला भाग इतिहासाला दिला आहे.

आता मूळ मुद्दा. नवशिक्याचे प्लेबुक हमखास जाडजूड असते. जे जे आवडले ते त्याने त्यात घातलेले असते: थोडे शॉटगन, थोडे पिस्टल, एखादी जुनी आय फॉर्मेशन, चार फसव्या चाली. असे प्लेबुक कोणत्याच संघाचे नसते. भूप राग मध्यम आणि निषाद वर्ज्य करूनच उभा राहतो, तसे संघाचे रूप त्याने टाळलेल्या गोष्टींतून स्पष्ट होते. वास्तवदर्शी प्लेबुक म्हणजे एक विधान आहे: हा संघ या परिस्थितीत हे करतो, इतक्या वेळा करतो, आणि ते करत नाही. त्या विधानाचे तिन्ही भाग तपासता आले पाहिजेत. यादी कोणालाही करता येते; प्रमाण आणि नकार यांना पुरावा लागतो.

बाल्टिमोर रेव्हन्सचा २०१९ चा हंगाम हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, आणि पुस्तकात तो वारंवार भेटेल. मुख्य प्रशिक्षक जॉन हार्बो, आक्रमणाची सूत्रे ग्रेग रोमन यांच्याकडे, क्वार्टरबॅक लमार जॅक्सन. त्या वर्षी संघाने जमिनीवरून ३,२९६ यार्ड धावून १९७८ च्या न्यू इंग्लंडचा विक्रम मोडला. त्यांतले १,२०६ यार्ड एकट्या जॅक्सनचे होते. संघाने सोळापैकी चौदा सामने जिंकले.

हा संघ गेममध्ये उभा करायचा तर सुरुवात चालींपासून करून चालत नाही; आधी मैदानावर कोण उभे होते ते पाहावे लागते. एनएफएलमध्ये यासाठी दोन अंकांची खूण वापरतात. पहिला अंक रनिंग बॅकचा, दुसरा टाइट एंडचा. उरलेले वाइड रिसीव्हर. ‘११’ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड आणि तीन रिसीव्हर. आजच्या लीगचा हा नेहमीचा पोशाख झाला आहे. शॉन मक्वे यांचा २०१८ चा लॉस एंजेलिस रॅम्स संघ जवळजवळ प्रत्येक चालीला याच ‘११’ च्या रचनेत उतरत असे, आणि त्याचा फायदाही तोच होता: माणसे तीच, उभे राहणेही बरेचसे तेच, त्यामुळे धाव येणार की फेक, हे बचावाला कळत नसे. रेव्हन्सनी उलटी वाट धरली. मार्क अँड्र्यूज, निक बॉयल आणि हेडन हर्स्ट हे तीन टाइट एंड त्यांच्या खेळाच्या मध्यभागी होते. सोबत तीनशे पौंडांहून जड असा फुलबॅक पॅट्रिक रिकार्ड, जो त्याच हंगामात बचावफळीतही खेळला. एवढी जड माणसे पिस्टल फॉर्मेशनमध्ये उभी करायची, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूमागे चार यार्डांवर आणि रनिंग बॅक त्याच्याही मागे, आणि मग बचावाला विचारायचे: चेंडू कोणाकडे आहे, सांगा पाहू.

म्हणून २०१९ च्या रेव्हन्सचे प्लेबुक बांधताना पहिले काम कात्रीचे आहे. रिकामा बॅकफील्ड आणि पाच रिसीव्हर दाखवणारी बरीचशी फॉर्मेशन जातात. पिस्टलची कुळी, दोन आणि तीन टाइट एंडच्या रचना राहतात. दुसरे काम जोड्या लावण्याचे. खऱ्या संघांकडे मूळ कल्पना मोजक्याच असतात आणि त्या अनेक फॉर्मेशनमधून पुन्हा पुन्हा येतात. एकाच रचनेतून, एकाच पहिल्या पावलाने सुरू होणाऱ्या दोन चाली हव्यात: एकीत रनिंग बॅक चेंडू घेऊन धावतो, दुसरीत तो देण्याची हूल दाखवून क्वार्टरबॅक अँड्र्यूजकडे फेकतो. यातली दुसरी वगळली तर पहिलीची किंमत निम्म्यावर येते. गेम प्रत्येक चालीला स्वतंत्र चौकटीत दाखवतो, त्यामुळे हे नाते नजरेआड होते. ते परत जोडणे हे अभ्यासकाचे काम.

पुरावा कुठून आणायचा? सुदैवाने आजचा अभ्यासक श्रीमंत आहे. टीव्हीवरच्या चित्रणात मागे उभे असलेले सेफ्टी, म्हणजे शेवटच्या फळीतले बचावपटू, बहुतेकदा चौकटीबाहेरच राहतात. बावीसही खेळाडू दिसतील अशा उंचीवरून घेतलेले चित्रण पूर्वी प्रशिक्षकांपुरतेच होते. २०१२ मध्ये लीगने ते सर्वसामान्य प्रेक्षकांना पैसे भरून पाहण्यासाठी खुले केले. बेन बाल्डविन आणि सेबास्टियन कार्ल यांच्या ‘एनएफएलफास्टआर’ या मुक्त संगणकीय साधनामुळे १९९९ पासूनच्या हंगामांची चालीगणिक नोंद कोणालाही घरबसल्या चाळता येते. खेळाडूंच्या खांद्यांवरच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपांमुळे त्यांच्या हालचालींचेही मोजमाप होते.

फुटबॉल मोजण्याची ही ओढ नवीन नाही. १९७१ मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात एक निबंध आला. मैदानाच्या कोणत्या भागात चेंडू हाती असणे किती गुणांच्या मोलाचे, याचे गणित त्यात होते. लेखक दोघे: रॉबर्ट मॅकॉल आणि व्हर्जिल कार्टर. कार्टर त्या काळात सिनसिनाटी बेंगल्सचे क्वार्टरबॅक होते. आणि त्याच कार्टरना डोळ्यांसमोर ठेवून बिल वॉल्श यांनी छोट्या, वेळेवर बांधलेल्या फेकींची ती पद्धत घडवायला सुरुवात केली, जी पुढे वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हणून गाजली. मैदान, कागद आणि गणित यांची इतकी जवळची गाठ दुसऱ्या खेळात क्वचित सापडेल.

पुरावा मिळाला तरी तो वाचताना एक चकवा असतो: सरासरी. हंगामभराची बेरीज करून ‘हा संघ इतके टक्के फेकतो’ असे म्हणणे सोपे आहे. पण ११ जानेवारी २०२० रोजी याच रेव्हन्सना टेनेसी टायटन्सने त्यांच्याच मैदानावर २८-१२ असे हरवले. चौथ्या डाउनला एकच यार्ड हवा असताना रेव्हन्स दोनदा अडले, पिछाडी वाढत गेली, आणि नियमित हंगामात सामन्यागणिक सरासरी सत्तावीसच्या आसपास फेकणाऱ्या जॅक्सननी त्या रात्री ५९ फेकी केल्या. तो संघ बदलला होता का? नाही, परिस्थिती बदलली होती. म्हणून जाणकार अभ्यासक आधी तटस्थ परिस्थिती वेगळी काढतात: गुणांतला फरक थोडा, डाउन पहिला किंवा दुसरा, अर्ध संपायला पुरेसा वेळ. संघाचा खरा कल तिथे दिसतो. पिछाडीवरचा संघ, आघाडी जपणारा संघ, शेवटची दोन मिनिटे, गोलरेषेजवळची झुंज, यांचे हिशेब स्वतंत्र मांडावेत. गेममध्ये परिस्थितीनुसार चालींना कमी-अधिक वजन देता येते, ते याचसाठी.

इथे एक गंमत आहे. खरे संघ सर्वोत्तम तेच करतात असे नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये दाखवले की चौथ्या डाउनला संघ गरजेपेक्षा फार वेळा चेंडू लाथाडून देतात. केनेथ कोवॅश आणि स्टीव्हन लेव्हिट यांच्या २००९ च्या निबंधाचा निष्कर्ष असा की संघ फेकी कमी करतात आणि धाव-फेक अशी आलटापालट जरुरीपेक्षा जास्त करतात, त्यामुळे ओळखू येतात. मग वास्तवदर्शी प्लेबुकने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे: संघाच्या खोडीही जपाव्यात. एखादा प्रशिक्षक दुसऱ्या डाउनला दहा यार्ड हवे असताना सवयीने धाव खेळत असेल, तर आपल्या वहीतही ती यावी. दुरुस्त केलेला संघ हा तो संघ राहत नाही. मर्यादा मात्र ओळखाव्यात. वजन परिस्थिती पाहते. मागची चाल कोणती होती याची आठवण त्यात नसते. त्यामुळे आलटापालटीची सवय यंत्राकडून पुरती वठवून घेता येत नाही.

दुर्मीळ चालींचा वाद याहून रंगतदार आहे. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्स चौथ्या डाउनला गोलरेषेपासून एका यार्डावर होते. चेंडू थेट रनिंग बॅक कोरी क्लेमेंटकडे गेला, त्याने तो टाइट एंड ट्रे बर्टनकडे दिला, आणि बर्टनने तो कोपऱ्यात मोकळ्या सुटलेल्या क्वार्टरबॅक निक फोल्सकडे फेकला. ‘फिली स्पेशल’ म्हणून अजरामर झालेली ही चाल त्या संघाच्या प्लेबुकमध्ये घ्यावी का? घेतली नाही तर हंगामाचा कळस गाळल्यासारखे होते. घेतली, तर यंत्र ती ऑक्टोबरमधल्या एखाद्या क्षुल्लक क्षणी, दुसऱ्या डाउनला, मैदानाच्या मध्यावर खेळून मोकळे होते. माणसाने खेळायच्या वहीत ती जरूर असावी; यंत्राने चालवायच्या वहीत ती नसावी. एकाच संघाच्या दोन वह्या का लागतात, याचे यापेक्षा सोपे उदाहरण मला माहीत नाही.

बचावाचे प्लेबुक आक्रमणापेक्षा कठीण, कारण बचाव लपवतो. चाल सुरू होण्याआधी दोन सेफ्टी मागे दिसतात, सुरू होताच एक पुढे धावून येतो. चित्रफितीत कोण कुठे गेला ते दिसते. त्याला तिथे पाठवले होते की तो चुकला, हे दिसत नाही. तरीही चांगल्या बचावाला आपली अशी चाल असते. टोनी डंजी आणि मॉन्टी किफिन यांनी टँपा बेमध्ये घडवलेल्या ‘टँपा टू’ पद्धतीत मधला लाइनबॅकर खोलवर मागे धावतो आणि दोन सेफ्टींमधली फट बुजवतो. डंजी गेल्यावर जॉन ग्रुडन संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि जानेवारी २००३ च्या सुपर बोलमध्ये गाठ पडली ती ग्रुडन यांनी आदल्याच वर्षी सोडलेल्या रेडर्सशी. रेडर्सचे नवे प्रशिक्षक बिल कॅलहन हे ग्रुडन यांचेच जुने सहकारी, त्यामुळे आक्रमणाची घडण बरीचशी तीच राहिली होती. टँपाने पाच फेकी मध्येच पकडल्या, त्यांतल्या तीन फेकींवर टचडाउन झाले आणि सामना ४८-२१ असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याची वही वाचता येण्याची किंमत त्या रात्री सगळ्या लीगने पाहिली.

संघाच्या नावापुढे वर्ष का लिहावे, हेही इथेच सांगतो. रेव्हन्सची २०१९ ची वही २०२३ ला लागू पडत नाही. मुख्य प्रशिक्षक तेच, क्वार्टरबॅक तोच. पण रोमन गेले होते, टॉड मंकन आले होते आणि खेळ फेकीकडे झुकला होता. दोन्ही वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू लमार जॅक्सनच ठरला. प्लेबुक गणवेशाचे नसते. ते एका माणसाच्या विचाराचे, एका वर्षाचे असते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. इतिहासानंतरच्या दुसऱ्या भागात चित्रफीत आणि आकडे वाचण्याची रीत आहे. तिसरा भाग गेमच्या आतला: फॉर्मेशनची निवड, संघाच्या चालीला गेममधली जवळची चाल शोधणे, प्रत्येक फॉर्मेशनच्या ऑडिबल (ऐनवेळी बदलून घ्यायच्या चाली) ठरवणे, वजने देणे. ज्यांना लगेच हात घालायचा आहे त्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल. चौथा भाग बचावाचा. शेवटच्या भागात तपासणी आहे, आणि तिची कसोटी साधी आहे. संघाची नावे आणि गणवेश बदलून यंत्राला तुमच्या प्लेबुकने एक क्वार्टर खेळू द्या. तो संघ पाहिलेल्या जाणकाराला तेवढ्यात त्याची ओळख पटली, तर वही जमली.

पहिला प्रयत्न छोटा ठेवा. एक संघ घ्या, एक हंगाम घ्या आणि एकच परिस्थिती घ्या: तिसरा डाउन, दोन यार्ड हवेत. त्या हंगामातल्या तेवढ्याच चाली पाहा. मैदानावर कोण होते, कसे उभे होते, कोणी चेंडू नेला, हे कागदावर मांडा आणि तेवढ्याचेच प्लेबुक बांधा. तुमचे निष्कर्ष या पुस्तकातल्या निष्कर्षांशी जुळले नाहीत तर चित्रफीत पुन्हा पाहा. तरीही जुळले नाहीत, तर या पुस्तकाच्या समासात तसे लिहा. हा विषय नवा आहे, आणि त्याला अशा समासांची गरज आहे.